एक टप्पा

मी एक चेंडू आहे, मित्रांनो, पण मला पाहून तुम्हाला ते पटायचं नाही. अंगावर सोनेरी रंगाचे पोपडे, त्यावर काळ्या अक्षरांचे तुकडे, आणि शिवणीला लागून एक बारीक चीर. रंग मला लोकांनी दिला. अक्षरंही लोकांनीच लिहिली. चीर तेवढी माझी स्वतःची आहे, आणि नेमकी तीच लोकांनी लुकण भरून कित्येक वर्षं बुजवून ठेवली होती.

माझा जन्म ओहायो नदीकाठच्या हार्लन्स फेरी या गावात झाला. तिथे एलायस विटकोम नावाचे म्हातारे खोगिरं आणि लगाम शिवत, आणि उन्हाळा आला की गावच्या बेसबॉल क्लबासाठी चेंडू बनवत. त्यांनी एका फाटक्या पावसाळी बुटाचं रबर कापून माझं काळीज केलं, त्यावर उसवलेल्या मोज्यांची लोकर आवळून गुंडाळली आणि वरून घोड्याचं कातडं शिवलं. शिवताना ते सारखे पुटपुटत. "पोट बुटाचं, अंग मोज्याचं, कातडं घोड्याचं. आणि उद्या दोन गावं याच्यासाठी एकमेकांची डोकी फोडणार!" तेव्हा मला ते बोलणं लागलं होतं. आता वाटतं, म्हातारा माझं कौतुकच करत होता.

त्या काळी एका सामन्याला एकच चेंडू असे. तो हरवला तर दोन्ही बाजूंचे खेळाडू आणि बघायला आलेले लोक मिळून गवतात शोधत. भिजला, चेपला, शिवण सैल झाली तरी तोच. सामना संपला की हरलेल्या कप्तानानं तो स्वतःच्या हातानं जिंकलेल्या कप्तानाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "चेंडू तुमचा. खेळून जिंकलात." मग टोपी काढून तीनदा जयजयकार. कप नाही, पदक नाही, चेंडू हेच बक्षीस. हे शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण माझं सारं आयुष्य ते शब्द ऐकायची वाट पाहण्यात गेलं.

ज्या दोन माणसांची ही गोष्ट आहे, ती मला शेजारच्या मिल्सबर्ग गावाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळीच भेटली. विटकोमबाबांच्या दुकानामागच्या परसात कॉन हॅनरॅहन मला उलटसुलट करून पाहत उभा होता. हा आमच्या क्लबाचा कप्तान आणि झेलणारा. झेलणारा म्हणजे बॅटवाल्याच्या पाठीशी उभा राहून प्रत्येक फेक अडवणारा गडी. हातमोजा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, सगळं उघड्या तळव्यावर घ्यायचं. कॉनचे तळवे माझ्या कातड्याहून राठ होते, पण पकड इतकी अलगद, की मला हातात असल्याचं कळायचं आणि दुखायचं मात्र काहीच नाही.

तेवढ्यात कुंपणावरून एक उंच माणूस डोकावला.

"कोण रे ते? मिल्सबर्गचे साहेब का?" कॉननं न बघताच विचारलं.

"साहेब कसला, साहेबाचा नोकर. चेंडू तपासायला आलोय. तुम्हा हार्लन्स फेरीच्या लोकांचा काय भरवसा, पोटात दगड भरला असेल."

"भरणार होतो. पण तुझ्या डोक्यातला काढावा लागला असता, आणि मग तुझ्या मानेवर काय उरलं असतं?"

तो बार्ट टूली. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तो आमच्याच क्लबाचा फेकणारा होता. त्याआधी हे दोघे कोळशाच्या होड्यांवर हमाली करत आणि होडीच्या फळ्यांवरच हा खेळ शिकले. तिथे झेल सुटला की चेंडू नदीत, म्हणून बार्ट नेमका फेकायला शिकला आणि कॉन काहीच न सोडायला शिकला. मग मिल्सबर्गच्या क्लबानं जास्त पगार देऊन बार्टला कप्तान म्हणून उचलला. त्या काळी पैसे घेऊन खेळणारे हंगामागणिक गाव बदलत. गाव त्याला फितूर म्हणू लागलं. कॉननं तसं कधी म्हटलं नाही.

दोघांनी परसात मला थोडा वेळ खेळवलं. बार्ट खालून हात फिरवून फेकी, कॉन झेली. उन्हं उतरली होती, विटकोमबाबा दारात पाइप ओढत बसले होते.

"मिल्सबर्गात तुझ्यासारखा झेलणारा नाही रे," बार्ट म्हणाला. "तू मागे असलास की मी डोळे मिटून फेकायचो."

"ठाऊक आहे. म्हणून तर मला सताड उघडे ठेवावे लागायचे."

"चल, चिडवू नको. भूक लागलीय."

"घरी डीलियानं कोबी-बटाटे शिजवलेत. उद्या हरायचंय, आज पोटभर जेवून घे."

ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची संध्याकाळ होती, मित्रांनो. मला वाटलं, चेंडूचा जन्म असाच असतो. या हातातून त्या हातात, आणि दोन्ही हात आपलेच.

सामन्याची गोष्ट सांगण्याआधी क्लबाच्या मालकांबद्दल सांगायला हवं. सायलस ग्रोव्हर हे पिठाच्या गिरणीचे धनी, आणि खेळाडूंचा पगार तेच देत. माणूस वाईट नव्हता, पण गिरणीतलं जातं आणि संघातला गडी त्यांना सारखाच. दुखलं की बदला. कॉनच्या आधीच्या झेलणाऱ्यानं एकदा त्यांना सुजलेला अंगठा दाखवला, तर दुसऱ्या सकाळी त्याची ट्रंक स्टेशनवर. तेव्हापासून झेलणारे दुखणं दाखवत नसत. बोट निखळलं तर ओढून बसवायचं, नख गेलं तर चिखल थापायचा, आणि मालक दिसले की मूठ मिटून घ्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण तिथे कुणाला माहीत नव्हती, पण सगळे तिच्यावरच जगत होते.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या कुरणात दोन्ही गावं लोटली. दोरीच्या आत खेळ, दोरीबाहेर माणसं, आणि झेलणाऱ्याच्या पाठीमागे बघ्यांच्या घोडागाड्यांची रांग. मला त्या दिवशी काय झोडपलं म्हणून सांगू! तीन थांबे घेऊन माणूस घरी, म्हणजे निघाला त्याच जागी, पोचला की एक धाव, आणि अशा धावा दोन्ही बाजूंनी पावसासारख्या पडल्या. मी नदीत गेलो, मला लांब काठीनं ओढून काढलं. मी एका बाईच्या केकमध्ये जाऊन बसलो, तिनं मला पुसून परत फेकलं आणि केकही वाटून टाकला. ऊन कलेपर्यंत माझं पांढरं कातडं मातकट झालं, अंग मऊ पडलं. पण दर फेकीनंतर मी कॉनच्या तळव्यात जात होतो, आणि तिथे गेलं की बरं वाटत होतं.

शेवटचा डाव मिल्सबर्गचा होता. आमच्या तेवीस धावा, त्यांच्या बावीस. त्यांचे दोन गडी बाद, तिसरा गेला की डाव संपला, आणि एक जण तिसऱ्या थांब्यावर टपून बसलेला. तो घरी आला असता तर बरोबरी. आणि बॅट घेऊन कोण आलं, तर बार्ट.

"या, टूलीसाहेब," कॉन मागून पुटपुटला. "कोबी पचला ना?"

"पचला. आता तुझी पाळी."

बार्टनं बॅट फिरवली आणि मी तिच्या कडेला लागलो. सरळ वर उडालो आणि मागे गेलो, गाड्यांच्या रांगेकडे. तुमच्याही अंगणात 'एक टप्पा बाद' असं खेळतात ना? आमच्याकडे तेव्हा मागे उडालेल्या चेंडूला तोच नियम होता. एका टप्प्यावर झेलला तर गडी बाद. दोन टप्पे पडले तर काहीच नाही, खेळ पुढे चालू.

कॉन वळून धावला. मी दोन गाड्यांच्या मधोमध, एका करड्या घोड्याच्या पलीकडे पडत होतो. जमीन तिथे चाकांनी तुडवून दगडासारखी झाली होती. मी आदळलो आणि तसाच जोरात उसळलो. कॉननं गाडीच्या दांडीखालून अंग झोकून दिलं. मी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टोकाकडून बसलो. बोट मोडल्याचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. त्याचं नख माझ्या कातड्यात घुसलं, शिवणीला लागून मला चीर पडली आणि त्याचं रक्त माझ्या लोकरीत उतरलं. तरी त्यानं मला सोडलं नाही. डाव्या हातानं छातीशी दाबून धरलं.

एक टप्पा, मित्रांनो. टप्पा माझाच होता, माझ्याहून चांगलं कोण सांगणार?

पण घोडा आणि गाडी मध्ये, त्यामुळे दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. कॉन मला डाव्या हातात उंच धरून बाहेर आला तेव्हा सगळे माना उंचावून पाहत होते. पंच होते शेजारच्या गावचे दात काढणारे डॉक्टर ऑर्म्सबी. त्यांनी रीतीप्रमाणे ज्यानं झेलला त्यालाच विचारलं.

"हॅनरॅहन, टप्पा एक की दोन?"

"एक."

"गडी बाद!" डॉक्टर म्हणाले, आणि हार्लन्स फेरीच्या लोकांनी टोप्या उडवल्या.

बार्ट मात्र हसला नाही. तो चालत कॉनसमोर आला. बार्टच्या मागे दोन पावलांवर ग्रोव्हरमालक उभे होते आणि कॉननं मोडलेल्या बोटाचा हात पाठीमागे नेला होता, मालकांना दिसू नये म्हणून.

"माझ्याकडे बघून सांग," बार्ट म्हणाला.

"एक टप्पा, बार्ट."

"हात मागे का घेतलास?"

कॉनची नजर बार्टच्या खांद्यावरून मालकांकडे गेली. आमच्याकडे पोरं खोटं बोलताना हात पाठीमागे नेतात आणि बोटात बोट अडकवतात, म्हणजे खोट्याचं पाप लागत नाही म्हणे. बार्टनं ते लहानपणी हजारदा केलं होतं, कॉननंही. त्यानं तो मागे गेलेला हात पाहिला आणि त्याला जे कळायचं ते कळून चुकलं. चुकीचं कळलं, पण कळलं.

"होडीवर काय ठरलं होतं रे आपलं? जगाला फसवू, एकमेकांना नाही. पगार चढला तुझ्या डोक्यात, हॅनरॅहन."

त्यानं त्याला आडनावानं हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मग त्यानं मला कॉनच्या हातातून घेतलं. हरलेला कप्तान तो, मला परत देऊन ते शब्द बोलायचं त्याचंच काम होतं. सगळे टोप्यांना हात लावून वाट पाहत होते. त्यानं मला कॉनच्या पायाशी जमिनीवर आपटलं आणि तो पाठ फिरवून चालता झाला. मी एकदा उसळलो आणि गवतात पडून राहिलो. टोप्या डोक्यावरच राहिल्या. मला त्या क्षणी तोंड असतं तर मी ओरडलो असतो, पण विटकोमबाबांनी मला सगळं दिलं, तोंड दिलं नाही.

त्या संध्याकाळी अग्निशमन केंद्राच्या माडीवर, क्लबाच्या दिवाणखान्यात मेजवानी झाली. मला टेबलाच्या मधोमध एका थाळीत ठेवलं होतं, भाजलेल्या डुकराशेजारी. बिअर वाहत होती. जो येई तो कॉनच्या पाठीवर थाप मारी.

"शाब्बास, कॉन! काय थाप ठोकलीस! चेहऱ्यावर माशीसुद्धा हलली नाही!"

"थाप नव्हती ती. एकच टप्पा पडला."

"हो हो, एकच!" आणि सगळं टेबल हसून लोळे. "पाद्रीबाबा, याला चर्चमध्ये उभा करा, आपलेही डोळे पाणावतील!"

कॉननं दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. जितकं खरं सांगावं तितके लोक त्याच्यावर खूश होत. मित्रांनो, खोट्यासाठी शिव्या खाणं सोपं असतं. न बोललेल्या खोट्यासाठी शाबासकी खाणं फार जड जातं, ते मी त्या थाळीतून पाहिलं.

कॉनची बायको डीलिया त्याच्या शेजारी बसली होती. त्याला डाव्या हातानं जेवताना पाहून तिनं टेबलाखालून त्याचा उजवा हात चाचपला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे त्याच वेळी झालं ना?" तिनं हळूच विचारलं. "अरे मग जाऊन दाखव बार्टला. आठ वाजताची गाडी आहे त्याची. हे बोट पाहिलं की त्याला कळेल."

"हळू बोल. मालक समोर बसलेत."

"मालक गेले खड्ड्यात."

"परवा सामना आहे, डीलिया. बदली झेलणारा कालच गावात उतरलाय." थोडा वेळ त्यानं थाळीतल्या माझ्याकडेच पाहिलं. "आणि बार्टला पुरावा द्यायचा? मी 'एक' म्हटलं, त्यानं ऐकलं. एवढ्यानं पुरलं नसेल तर बोट दाखवून काय उपयोग?"

"तुम्ही दोघं एकाच गाढवाची पिल्लं आहात," ती म्हणाली आणि उठून खिडकीशी गेली. आठच्या गाडीची शिटी तिथे नीट ऐकू येत असे.

दुसऱ्याच दिवशी मला पाट्या रंगवणाऱ्याकडे नेलं. विजयी चेंडूला सोनेरी करायची तेव्हा पद्धतच होती. त्यानं मला घासलं, शिवणीजवळची चीर पाहिली, "च्च, चांगल्या चेंडूला डाग," म्हणून तिच्यात लुकण भरलं आणि वरून सोनेरी रंग चढवला. काळ्या अक्षरांत गावांची नावं आणि तेवीस-बावीस लिहिलं. मग मला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली मालकांच्या घड्याळाच्या साखळीत.

लोक म्हणत, केवढं भाग्य! मला मात्र एका हाताची उणीव भासायची. चेंडूला हात लागला नाही तर तो चेंडू कसला? लग्नात कोपऱ्यात बसवलेल्या दागिन्यांनी मढलेल्या आजीबाईसारखं माझं झालं. सगळे पाहतात, जवळ कुणी घेत नाही. काचेतून मला रस्ता दिसायचा, रस्त्यापलीकडे कुरणाचा एक तुकडा दिसायचा. तिथे पोरं खेळायची. चेंडू तळव्यावर पडल्याचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा आणि माझ्या पोटातलं रबर उगीचच ताणल्यासारखं व्हायचं.

कॉन तसल्याच बोटानं पुढचे सामने खेळला, त्यामुळे बोट धड जुळलंच नाही. ते शेजारच्या बोटावर आडवं चढून तसंच कायमचं बसलं. झालं, गावाला आणखी एक विनोद मिळाला. "बघा बघा, कॉननं अजून बोटात बोट अडकवलेलंच आहे!" दोन हंगामांनी बाकीची बोटंही गेली आणि मालकांनी त्याला खरोखरच बदललं. नंतर क्लबाचे पगारही बंद झाले, संघ मोडला, उरला तो दिवाणखाना आणि त्यात पत्ते खेळणारे म्हातारे. कॉनला खाली अग्निशमनाच्या घोड्यांची देखभाल करायचं काम मिळालं. रोज सकाळी तो माडीवर शेगडी पेटवायला येई.

आणि माझ्यासमोर उभा राही. एखादेवेळी काचेवर हात टेकवी, ते वाकडं बोट बरोबर माझ्या चिरेसमोर येई. मध्ये फक्त काच, रंग आणि लुकण. मला वाटे, एकदा फक्त हातात घे, मी स्वतः उघडून दाखवतो. ज्या वर्षी डीलिया गेली, त्या हिवाळ्यात तो बराच वेळ उभा होता. "ठाऊक असलेली एक होती, तीही गेली," असं म्हणाला. मी होतोच की, पण त्याला काय सांगणार?

बार्टची बातमी मधूनमधून येई. तो मोठा झाला, पश्चिमेकडे गेला, तिकडच्या क्लबांतून खेळला. आणि जिथे जाईल तिथे हार्लन्स फेरीच्या खोटारड्याची गोष्ट सांगतो म्हणे. कॉन हे ऐकून घोड्याला खरारा करत राही. एकदाच म्हणाला, "सांगतो का अजून? म्हणजे विसरला नाही." त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं.

शेगडीच्या उष्णतेनं माझा रंग हळूहळू सुटू लागला. आणि मग ती उन्हाळ्याची सकाळ आली. जुनं केंद्र पाडून नवं बांधायचं ठरलं होतं, म्हणून दिवाणखाना रिकामा करायला जुने खेळाडू जमले होते. हातात काठी, कुणाचे दात गेलेले, कुणाचे कान. ग्रोव्हरमालक चाकाच्या खुर्चीत. आणि जिन्यावर एक काठी वाजली. मी तो उंचपणा ओळखला. वाकला होता, तरी ओळखला.

"बार्ट टूली!" कुणीतरी ओरडलं. "मेला नाहीस अजून?"

"तुमच्या आधी कसा मरेन? तुम्हाला पोचवायला नको कुणी?"

सगळे हसले. कॉन कपाटाशी उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही मान हलवली, बस, तेवढंच.

मालकांनी साखळीतली किल्ली काढून दिली. कपाट उघडलं. इतक्या वर्षांनी काचेशिवायची हवा माझ्या अंगाला लागली.

"हा कॉनला द्या," मालक म्हणाले. "त्याच्याच जिभेनं जिंकून दिलेला आहे. काय रे कॉन, आता तरी सांगून टाक. किती टप्पे?"

"एक," कॉन म्हणाला.

पुन्हा हशा. बार्ट खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

कॉननं मला उचललं. मित्रांनो, तो हात म्हातारा झाला होता, तरी तळवा तोच. जुन्या सवयीनं त्याची बोटं माझ्या शिवणीवर फिरली. वाकडं बोट लुकणावर आलं आणि सुकून गेलेलं लुकण पटकन निखळून खाली पडलं. सोनेरी पोपडे त्याच्या बाहीवर सांडले. त्यानं बोटाकडे पाहिलं, चिरेकडे पाहिलं आणि हात एकदम मागे घ्यायला गेला. इतक्या वर्षांची सवय ती!

पण या वेळी बार्ट वळून पाहत होता.

"थांब," तो म्हणाला. "हात मागे नेऊ नको. काय आहे ते?"

"काही नाही. जुनी चीर."

"दाखव इकडे." बार्टनं मला खिडकीच्या उजेडात धरलं. अंगठ्याच्या नखानं आजूबाजूचा रंग खरवडला. चीर लहान, अर्धचंद्रासारखी, आणि आतली लोकर काळपट तपकिरी. "हे नख आहे. आणि हे रक्त. विटकोमचा चेंडू नवा होता. आदल्या संध्याकाळी मी स्वतः पाहिला होता. ही कुठल्या झेलाची?"

कॉन बाहीवरचे सोनेरी पोपडे झटकू लागला.

"मी विचारतोय तुला, कॉन. कुठल्या झेलाची?"

"शेवटच्या."

बार्टनं त्याचा हात धरला. ते चढलेलं बोट त्यानं माझ्या चिरेवर ठेवलं. नख बरोबर तिच्यात बसलं. तिथे जमलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी उघड्या हातानं चेंडू झेलला होता. दोनदा उसळून मेलेला चेंडू बोट मोडत नाही, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती.

"मग तेव्हा हात मागे का घेतलास, गाढवा?"

"मालक उभे होते तुझ्या मागे," कॉन म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा चाकाच्या खुर्चीकडे गेल्या. ग्रोव्हरमालकांनी मांडीवरच्या शालीत काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि त्यांना ते सापडेना.

"मला स्टेशनवर येऊन सांगता आलं नाही?"

"मालक नसताना परत विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू टप्पा विचारलास, तो सांगितला. बोट कुठे विचारलंस?"

"सगळीकडे सांगत फिरलो रे मी," बार्ट म्हणाला. "सगळीकडे. दारूच्या गुत्त्यात, गाडीत. माझ्या पोरांना सांगितलं." त्यानं काठी भिंतीला टेकवली, अंग ताठ केलं आणि मला दोन्ही हातांत घेऊन कॉनच्या त्या मोडक्या हातात ठेवलं. वरून स्वतःचे हात दाबले.

"चेंडू तुमचा," तो म्हणाला. "खेळून जिंकलात."

मग टोपी काढून तो एकटाच जयजयकार करायला लागला. दुसऱ्या वेळेला बाकीचे म्हातारे सामील झाले. तिसऱ्या वेळेला खालचे घोडे खिंकाळले.

मी तेव्हाच संपलो असतो तरी चाललं असतं. पण कॉन म्हणाला, "चल खाली. एक फेक."

"वेडा झालास? खांदा उचलत नाही माझा."

"डोळे मिटून फेक. मी आहे ना मागे."

केंद्रामागच्या अंगणात दोघे उभे राहिले, फार लांब नाही. बार्टनं जुन्यासारखा खालून हात फिरवला. मी हवेत निघालो, माझ्या अंगावरून सोनं उडत होतं. जोर कमी पडला. मी मध्येच जमिनीवर पडलो, उसळलो, आणि कॉननं वाकून, कण्हून मला दोन्ही तळव्यांत घेतलं.

"किती टप्पे?" कॉननं विचारलं.

बार्ट डोळे पुसत होता. त्यानं बहुतेक काहीच पाहिलं नसावं.

"एक," तो म्हणाला.

आता ते दोघेही नाहीत, मित्रांनो. कॉनच्या नातवंडांनी मला कपाटात ठेवलं नाही याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ती मला रोज झोडपतात, माझी शिवण सुटत आली आहे, पुढचा उन्हाळा काही मी पाहणार नाही. पण त्यांच्या हातांत जाड जाड मोजे असतात. ती कातड्यानं कातडं धरतात. तेव्हा माझं एवढं ऐका. तुमच्या मित्रानं हात मागे लपवला तर बोलण्याआधी एकदा विचारा, हाताला काय झालंय. आणि घरी एखादा जुना चेंडू असेल, तर मोजा काढून त्याला एकदा उघड्या तळव्यावर घ्या. फार जोरात नको. त्याला नुसता हात हवा असतो.